टेक्नोचा माग कसा काढायचा: आधी मिक्स, मग ट्रॅक, मग लेबल, शेवटी पार्टी

टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं ठेकेबाज नृत्यसंगीत, नव्याने ऐकू लागलेल्यांच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. मिक्समध्ये, म्हणजे डीजेने बरेच ट्रॅक एकमेकांत मिसळून वाजवलेल्या सलग संगीतात, आवडलेला ट्रॅक कुठेच सापडत नाही. शेकडो कलाकारांना फॉलो केलं तरी नवं काही कानावर पडत नाही. आणि चांगली पार्टी होऊन गेल्यावरच तिची बातमी कळते. तिन्हींचं मूळ एकच: सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. मोठ्या फेस्टिव्हलच्या पोस्टरवरची नावं उचलायची, त्यांना फॉलो करायचं आणि पुढचं सगळं ॲपच्या शिफारशींवर सोडून द्यायचं, असं बहुतेक जण करतात. अंडरग्राउंड संगीतातलं बरंचसं छोट्या लेबलांवर, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या छोट्या संस्थांकडून, निघतं. काही फक्त बँडकॅम्पवर येतं, काही फक्त तीनशे-पाचशे प्रतींच्या विनाइलवर. ते शिफारशींत येणार तरी कुठून?

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखाद्या टप्प्याला जास्त दिवस लागले तरी बिघडत नाही, पण तो गाळला की पुढचा टप्पा अडतो.

## तयारी

ऐकण्याचं साधन. साधे, वायरवाले हेडफोन चालतील, पण फोनचा स्पीकर नको. टेक्नोतली निम्मी हालचाल सब-बासमध्ये, म्हणजे अगदी खालच्या स्वरांत, चालते आणि छोट्या स्पीकरमधून नेमकी तीच ऐकू येत नाही. मग दोन अगदी वेगळे ट्रॅक सारखे वाटतात आणि "हे सगळं एकसुरीच असतं" असा ग्रह होऊन बसतो.

खाती. बँडकॅम्प (संगीत थेट विकत घेण्यासाठी), साउंडक्लाउड (मिक्स ऐकण्यासाठी), डिस्कॉग्ज (रेकॉर्डची माहिती शोधण्यासाठी) आणि रेसिडेंट ॲडव्हायझर (पार्ट्यांच्या बातमीसाठी) या चार ठिकाणी खाती उघडा. चारही फुकट आहेत. या सगळ्यांसाठी एक वेगळा ईमेल पत्ता काढा. पुढे लेबलांच्या मेलचा ओघ सुरू होतो आणि तो रोजच्या मेलमध्ये मिसळला की महिन्याभरात तुम्ही न वाचताच डिलीट करू लागता.

नोंदवही. एक साधी स्प्रेडशीट आणि पाच रकाने: मिक्सचं नाव, मिनिट-सेकंद, काय ऐकू आलं, ट्रॅकची ओळख, लेबल. पुढची सगळी कामं या वहीवर उभी आहेत, त्यामुळे "लक्षात राहील" असं म्हणून ती टाळू नका. चार मिक्स झाले की कोणता बास कुठे ऐकला ते कुणालाही सांगता येत नाही.

इअरप्लग. पार्टीला अजून अवकाश असला तरी आताच मागवा. कारण सातव्या टप्प्यात दिलं आहे.

## १. मिक्सचे मोजकेच स्रोत निवडा

मिक्स तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिला, पॉडकास्टसाठी घरी किंवा स्टुडिओत केलेला मिक्स. रेसिडेंट ॲडव्हायझरचा साप्ताहिक पॉडकास्ट २००६ पासून चालू आहे, बीबीसी रेडिओ १ वरचा 'इसेन्शियल मिक्स' १९९३ पासून. असा मिक्स डीजे विचारपूर्वक बांधतो. मनासारखा झाला नाही तर पुन्हाही करतो. एखाद्याची आवड समजून घ्यायला हा प्रकार सगळ्यांत चांगला.

दुसरा, क्लबमधलं किंवा स्ट्रीमवरचं थेट ध्वनिमुद्रण. बॉयलर रूम (२०१० पासून) आणि बर्लिनचं हॉर (२०१९ पासून) ही यातली सर्वांना माहीत असलेली नावं. इथे डीजेला वेळ कमी असतो, समोर कॅमेरा असतो, म्हणून सेट बहुधा जोरकस होतो. तासाभराच्या अशा व्हिडिओवरून डीजेबद्दल मत बनवू नका. तोच माणूस अंधाऱ्या खोलीत पाच तास वाजवताना वेगळा असतो.

तिसरा, ऑनलाइन रेडिओवरचा नियमित कार्यक्रम. लंडनचं एनटीएस, ब्रुकलिनचं द लॉट रेडिओ अशी स्टेशनं पाहा. नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. बरेच निवेदक मध्ये थांबून ट्रॅकची नावं सांगतात, अनेकदा ट्रॅकलिस्टही देतात आणि दर महिन्याला तोच माणूस नवं काय आणतो ते कळत राहतं. एकाच कानाच्या निवडीवर वर्षभर लक्ष ठेवलं की तुमचाही कान तयार होतो.

तिन्ही प्रकार मिळून पाच स्रोत घ्या, त्याहून जास्त नकोत.

ऐकण्याचीही एक रीत आहे. पहिल्यांदा मिक्स अखंड ऐका. पुढे सरकवू नका, काही लिहू नका. दुसऱ्यांदा ऐकताना वही उघडा. पहिल्याच वेळी दर मिनिटाला थांबून नाव शोधणाऱ्याला मिक्सची चढण-उतरण कधी कळतच नाही, आणि डीजेचं खरं काम तर तिथेच असतं.

> सावध: साउंडक्लाउडवरचे मिक्स हक्कांच्या कारणावरून अचानक काढले जातात. आवडलेल्या मिक्सची नोंद त्याच दिवशी करा. मिक्सक्लाउडवर मिक्स जास्त टिकतात, पण फुकटच्या खात्यावर मागे सरकवण्यावर निर्बंध असू शकतात, त्यामुळे वही हाताशी ठेवूनच प्ले दाबा.

## २. नोंद नीट करा

"४१ मिनिटांच्या आसपास भारी बास" ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही, तुमच्याही नाही. नोंद अशी हवी (किक म्हणजे ढोलासारखा मुख्य ठोका, हाय-हॅट म्हणजे झांजेसारखा बारीक आवाज):

*४१:२० – कोरडी, आखूड किक. दोन किकच्या मध्ये उघडी हाय-हॅट. ४२:०५ ला बाईचा आवाज, दोनच शब्द, प्रतिध्वनीत विरणारे. बास नसल्यासारखाच. वेग १३८.*

वेग काढणं सोपं आहे. ३० सेकंदांत पडणाऱ्या किक मोजा आणि दुप्पट करा. ६९ भरल्या तर १३८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३८ ठोके.

आता खरी अडचण. टेक्नोचा डीजे दोन ट्रॅक मिनिट-दोन मिनिटं एकमेकांवर ठेवतो, कधी तिसराही घालतो. त्या काळात तुम्हाला जे आवडतं तो एक ट्रॅक नसतोच, दोन ट्रॅकची बेरीज असते. ती बेरीज शोधायला निघालात तर काहीही हाती लागणार नाही.

म्हणून ट्रॅक एकटा कुठे वाजतोय ते हुडका. टेक्नोची बांधणी १६ किंवा ३२ बारच्या आवर्तनांत असते, एका बारमध्ये चार ठोके. १२८ च्या वेगाला ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. नवा ट्रॅक बहुतेक वेळा आवर्तनाच्या सुरुवातीला आत शिरतो, आधी हाय-हॅट किंवा एखादा बारीक आवाज घेऊन. मग पुढच्या एखाद्या आवर्तनाच्या तोंडाशी डीजे जुन्या ट्रॅकचा बास कापतो आणि नव्याचा सोडतो. तो क्षण कानाला स्पष्ट कळतो, जमीन बदलल्यासारखी वाटते. तिथून एक-दोन आवर्तनं पुढे गेलात की ट्रॅक एकटा सापडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. वहीत वेळ लिहायची ती तिथली.

तपासा: नोंदलेल्या जागेपासून वीस सेकंद ऐका. एकाच किकचा आवाज येतोय ना? किक जाड, दुहेरी किंवा किंचित घसरल्यासारखी वाटली तर अजून दोन ट्रॅक सोबत चालू आहेत. जागा पुढे सरकवा.

## ३. ट्रॅक ओळखा

शझॅम हे ऐकवलेलं गाणं ओळखणारं ॲप लावून पाहायचं, नाही सापडला की सोडून द्यायचं, इथेच बहुतेकांचा शोध संपतो. त्याआधी आणि त्यानंतरही करण्यासारखं बरंच आहे.

आधी लिहिलेलं वाचा. मिक्सखालचा मजकूर पूर्ण उघडा. साउंडक्लाउडवर प्रतिक्रिया ट्रॅकमधल्या नेमक्या क्षणाला चिकटवलेल्या असतात, तेव्हा तुमच्या मिनिटाजवळच्या वाचा. बऱ्याचदा कुणीतरी तिथे नाव विचारलेलं असतं आणि कुणीतरी दिलेलंही असतं. मग १००१ट्रॅकलिस्ट्स आणि मिक्सेसडीबी या दोन ठिकाणी मिक्सचं नाव टाका. दुसऱ्यावर जुन्या रेडिओ मिक्सच्या याद्या खूप आहेत.

मग शझॅम. दुसऱ्या टप्प्यात शोधलेल्या एकट्या जागेवरच लावा. एकदा लागला नाही तर त्याच ट्रॅकच्या दुसऱ्या भागावर लावा. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे किक थांबते तिथे, ट्रॅकची स्वतःची ओळख जास्त उघडी असते.

तरीही नाही? वेग पूर्ववत करा. ही पायरी फार थोडे लोक करतात आणि इथे हमखास काहीतरी हाती लागतं. डीजे ट्रॅक मूळ वेगाने क्वचितच वाजवतो. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेग दोन्ही बाजूंना ८ टक्क्यांपर्यंत बदलतो. सीडीजेवर, म्हणजे डीजेंच्या डिजिटल प्लेअरवर, त्याहून खूप जास्त बदलता येतो. वेगासोबत सूरही वर-खाली गेला की ओळखणारं ॲप गोंधळतं.

उपाय असा. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा रेकॉर्ड करून ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. वहीत वेग १३८ आहे. बहुतेक निर्माते ट्रॅक पूर्ण आकड्याच्या वेगावर बांधतात, म्हणून १३२ धरून पाहू. १३२ भागिले १३८ म्हणजे साधारण ०.९५६५, अर्थात वेग ४.३५ टक्क्यांनी उतरवायचा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट लावा आणि मग शझॅम ऐकवा. नाही लागलं तर १३०, १३४, १३५ असे करत जा. डीजेने सूर कायम ठेवणारं बटण वापरलं असेल, तर फक्त वेग बदलणारा इफेक्ट लागतो, म्हणून दोन्ही करून बघा. एखादा ट्रॅक अनैसर्गिक घाईचा किंवा फार जड वाटला तर रेकॉर्ड चुकीच्या गतीवर मुद्दाम वाजवलेली असू शकते. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावली की वेग ३५ टक्क्यांनी वाढतो, आणि काही डीजेंची ती लाडकी युक्ती आहे.

शेजारचे ट्रॅक वाचा. आधीचा आणि नंतरचा ट्रॅक ओळखता आला असेल तर त्यांची लेबलं पाहा. डीजे बऱ्याचदा स्वतःच्या किंवा मित्रांच्या लेबलवरचं एकापाठोपाठ वाजवतो.

शेवटी विचारा. डीजेला छोटा संदेश पाठवा: मिक्सचं नाव, नेमकं मिनिट-सेकंद, एका ओळीत वर्णन. नुसतं "ट्रॅक आयडी?" लिहिणाऱ्यांना उत्तर मिळत नाही, कारण ऐकून जागा शोधायचं काम तुम्ही त्याच्यावर टाकलेलं असतं. आणि एका वेळी एकच ट्रॅक विचारा.

> सावध: शझॅमने नाव दिलं म्हणजे ओळख पटली असं नव्हे. दोन ट्रॅकमध्ये एकच सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) असेल तर चुकीचं नाव येतं आणि मूळ ट्रॅकऐवजी रिमिक्स, किंवा उलटही, सर्रास होतं. मिळालेला ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. तुमच्या नोंदीतला प्रत्येक तपशील त्यात सापडला तरच रकाना भरा.

काही ट्रॅक या सगळ्यातून जाऊनही सापडत नाहीत. लेबलं डीजेंना नवे ट्रॅक रिलीजच्या कितीतरी आठवडे आधी पाठवतात आणि काही तर कधीच निघत नाहीत. अशा नोंदीसमोर "थांब" लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. चिडून मिळेल ते नाव लिहून टाकू नका.

## ४. ट्रॅककडून लेबलकडे जा

ट्रॅक सापडला की लोक तो प्लेलिस्टमध्ये टाकून मोकळे होतात. पुढचा खरा शोध इथून सुरू होतो. डिस्कॉग्जवर त्या रिलीजचं पान उघडा आणि चार गोष्टी वाचा: लेबल, कॅटलॉग क्रमांक, कलाकाराची इतर नावं आणि श्रेयनामावली.

इतर नावं का, ते उदाहरणानेच कळेल. रॉबर्ट हूड या टेक्नो निर्मात्याचं गॉस्पेलच्या (चर्चमधल्या भक्तिसंगीताच्या) अंगाने जाणारं हाउस, म्हणजे टेक्नोच्या जवळचं नृत्यसंगीत, तुम्हाला फ्लोरप्लॅन या नावाखाली मिळेल, फक्त 'हूड' शोधून नाही. वॉइसेस फ्रॉम द लेक म्हणजे दोनातो दोझ्झी आणि नील. एकाच माणसाची चार नावं चार वेगळ्या स्वभावांची असतात आणि तुम्हाला आवडलेला स्वभाव नेमका कोणत्या नावाखाली आहे ते शोधावं लागतं.

आता लेबलचा धागा. समजा एका मिक्समध्ये तुम्हाला धुक्यातून आल्यासारखे, प्रतिध्वनीत बुडालेले कॉर्ड आवडले आणि ट्रॅक निघाला बेसिक चॅनल या जोडीचा. श्रेयात मोरित्स फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस. त्यांच्या नावांवर गेलात की मॉरिझिओ आणि रिदम अँड साउंड ही त्यांचीच इतर नावं सापडतात. लेबलांच्या बाजूने गेलात की चेन रिॲक्शन लागतं आणि त्यावर पोर्टर रिक्स, मोनोलेक, व्लादिस्लाव डिले. एर्नेस्टुसच्या बाजूने गेलात तर हार्ड वॅक्स हे बर्लिनचं रेकॉर्डचं दुकान, जे त्याने १९८९ मध्ये सुरू केलं आणि ज्याची नव्या मालाची यादी आजही दर आठवड्याला वाचण्यासारखी असते. एका ट्रॅकमधून निघालेला हा धागा महिनाभर पुरतो, आणि यातलं काहीही ॲपने सुचवायची वाट पाहावी लागली नाही.

लेबल फॉलो करण्याआधी त्याचे तीन वेगवेगळ्या वर्षांतले रिलीज ऐका. तिन्हींत एकाच माणसाची निवड जाणवली तर ते लेबल ठेवा. दर आठवड्याला चार रिलीज काढणारी, कुणालाही सामावून घेणारी लेबलं सोडा, त्यांत चांगलं काही निघालं तरी ते तुमच्यापर्यंत डीजेंच्या मिक्समधून पोहोचेलच.

> सावध: डिस्कॉग्जवरची विक्रीची किंमत दुर्मिळता सांगते, दर्जा सांगत नाही. महाग रेकॉर्डच्या मागे लागण्याआधी ती पुन्हा छापली गेली आहे का, आणि बँडकॅम्पवर डिजिटल मिळते का, हे पाहा.

## ५. नव्या संगीतासाठी आठवड्यातला एकच वेळ ठरवा

निवडलेली लेबलं बँडकॅम्पवर फॉलो करा. नवा रिलीज आला की मेल येतो. तो आला म्हणून लगेच उघडायचा नाही. आठवड्यातला एक ठरावीक तास ठेवा आणि सगळे मेल तेव्हाच पाहा. सोबत दोन-तीन दुकानांची नव्या मालाची पानं उघडा: हार्ड वॅक्स, रॉटरडॅमचं क्लोन, ॲमस्टरडॅमचं रश अवर, लंडनचं फोनिका. दुकानात बसणारा माणूस आठवड्याला शेकडो रेकॉर्ड ऐकून मोजक्या निवडतो, त्या चाळणीचा फायदा घ्या. बीटपोर्टवरचे तक्ते डीजे काय विकत घेतायत ते सांगतात. तिथे जायचंच असेल तर टेक्नोचे दोन वेगळे विभाग आहेत हे ध्यानात ठेवा. एक गर्दीच्या वेळच्या जोरकस संगीताचा, दुसरा कच्च्या, खोल, संमोहक संगीताचा. अंडरग्राउंडची आवड असणाऱ्यांना दुसऱ्यातच काही मिळेल.

बँडकॅम्पवरची एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रिलीजच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा अख्खा संग्रह दिसतो. तुमच्या आवडीचे तीन अनोळखी रिलीज ज्याच्याकडे आहेत अशी व्यक्ती सापडली, तर तिला फॉलो करा.

ऐकताना क्लिपच्या पहिल्या वीस सेकंदांवर निर्णय देऊ नका. हे ट्रॅक मिक्स करण्यासाठी बनलेले असतात, त्यांची सुरुवात मुद्दाम रिकामी ठेवतात. मधला भाग ऐका, मग ठरवा.

पटलं तर विकत घ्या. डिजिटल विक्रीतला बँडकॅम्पचा वाटा साधारण १५ टक्के असतो. मार्च २०२० पासून सुरू झालेल्या 'बँडकॅम्प फ्रायडे'ला, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी, कंपनी तो वाटा सोडते, म्हणून खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवण्यात शहाणपण आहे. फाइल फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात उतरवा, नावात लेबल आणि कॅटलॉग क्रमांक ठेवा आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा.

तपासा: फॉलो केलेली लेबलं वीसच्या वर गेली का? गेली असतील तर जुन्यातलं एक काढल्याशिवाय नवं घेऊ नका. ठरलेल्या तासात मेल संपत नसतील तर यादी लांबली आहे, वेळ कमी पडलेला नाही.

## ६. पार्टी निवडा

आतापर्यंत तुमच्याकडे दहा-पंधरा नावं तयार झालेली असतात. ती रेसिडेंट ॲडव्हायझरवर फॉलो करा. मग कलाकारापेक्षा जास्त लक्ष आयोजक आणि जागेकडे द्या. पाहुणा डीजे एका रात्रीपुरता येतो, पार्टी कशी होणार ते आयोजक आणि रेसिडेंट, म्हणजे तिथे नियमित वाजवणारे डीजे, ठरवतात. आवडीचा डीजे आधी कुणी-कुणी बोलावला होता ते पाहा. तेच आयोजक तुम्हाला न माहीत असलेले पण तुमच्या आवडीचे लोक पुढेही आणतील.

छोटे गट जाहिरात करत नाहीत. त्यांची बातमी मेल यादीत, टेलिग्रामवर किंवा रेसिडेंटच्या स्वतःच्या पानावर येते. पहिल्या पार्टीला गेलात की तिथेच त्या यादीत नाव घाला.

लाइन-अप वाचायची पद्धत सोपी आहे. तास मोजा, नावं मोजा. सहा तासांत बारा नावं असतील तर प्रत्येकाला अर्धा तास, आणि अर्ध्या तासात कुणीच काही बांधू शकत नाही. सहा तासांत तीन नावं असतील तर जा. साउंड सिस्टीम कोणती आहे हे आयोजकाने आवर्जून लिहिलं असेल, फोटो न काढण्याचा किंवा छळ सहन न करण्याचा नियम स्पष्ट दिला असेल, तर ती चांगली खूण.

तिकीट आयोजकाच्या स्वतःच्या पानावरच्या दुव्यावरूनच घ्या. संपलं असेल तर त्याच ठिकाणच्या अधिकृत पुनर्विक्रीच्या रांगेत नाव टाका. प्रतिक्रियांमध्ये "माझ्याकडे एक जास्तीचं आहे" लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. क्यूआर कोडचा एकच स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो आणि दारावर फक्त पहिला आत जातो.

पत्ता गुप्त असेल तर तो बहुधा त्याच दिवशी, तिकिटाच्या मेलवर येतो. स्पॅमचा फोल्डर पाहा. आलेला पत्ता पुढे पाठवू नका, कितीही जवळचा मित्र असला तरी. त्याला हवा असेल तर तो आयोजकाला विचारेल.

> सावध: गोदाम, तळघर, बंद कारखाना अशा जागी आत जाताच बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग शोधा आणि ते उघडे आहेत का ते बघा. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या घोस्ट शिप या गोदामात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात आग लागली आणि ३६ माणसं गेली. एकच अरुंद जिना, कडेला अडगळ, दाराला कुलूप असं काही दिसलं तर परत फिरा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

## ७. त्या रात्री

कान. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची वरची मर्यादा सुचवली. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तास धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या क्लबमध्येही एका ट्रॅकनंतर दुसरा संपेपर्यंत तुमचा दिवसाचा वाटा जवळपास संपलेला असतो. म्हणून इअरप्लग दारातच घाला, कान दुखू लागल्यावर नाही. संगीतासाठीचे फिल्टरवाले घेतले तर वरचे सूर दबत नाहीत. फोमचे असतील तर बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. अर्धवट बाहेर राहिलेल्या प्लगचा फारसा उपयोग नसतो. स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका. खोलीच्या मध्यापासून थोडं मागे आवाज सगळ्यांत समतोल मिळतो.

लवकर जा. वॉर्म-अप करणारा, म्हणजे रात्रीच्या सुरुवातीला वाजवणारा, बहुधा रेसिडेंट असतो, त्याला ती खोली सर्वांत चांगली माहीत असते. रिकाम्या डान्सफ्लोरवर हळूहळू ठेका रचत नेणं हे या कलेतलं अवघड काम आहे, आणि मुख्य नावाच्या वेळेला येणारे त्यालाच मुकतात.

फोन खिशात. काही क्लबांत दारावरच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. नसेल लावत तरी अंधारात शझॅमची उजळ स्क्रीन उंचावू नका. सभोवारच्यांचा रंग जातो आणि दोन ट्रॅक मिसळलेले असताना नावही मिळत नाही. घड्याळात वेळ पाहा आणि बाहेर, पाणी प्यायला आलात की दोन शब्द लिहून ठेवा: "२:४०, घंटेसारखा आवाज, नंतर टाळ्या." डीजेला सेट चालू असताना नाव विचारू नका.

बोलायचं असेल तर डान्सफ्लोरच्या बाहेर या. कुणाच्या अंगाला हात लावून वाट काढू नका. पाणी पीत राहा, घरी जायचं साधन निघण्याआधीच ठरवा, आणि सोबतच्यांशी भेटायची एक जागा पक्की करा, कारण आत फोन लागेल याची खात्री नसते. कुणी कोसळलं, गोंधळल्यासारखं वागलं किंवा अंग फार तापलं तर लगेच तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा आणि त्याने काय घेतलं आहे ते माहीत असेल तर लपवू नका. डॉक्टरला तीच माहिती लागते.

## ८. दुसऱ्या दिवशी

झोप झाली की रात्रीचे ते दोन-दोन शब्द वहीत उतरवा, संध्याकाळपर्यंत ते अर्थ हरवतात. मग वाजवलेल्या प्रत्येकाचा एक मिक्स शोधून ऐका. आदल्या रात्रीचे ट्रॅक अलीकडच्या मिक्समध्ये पुन्हा सापडतात, कारण डीजे एकच बॅग काही महिने फिरवत असतो. आणि इथे तुम्हाला मागे सरकवता येतं. सर्वांत आधी मात्र वॉर्म-अप करणाऱ्याचा मिक्स शोधा. त्याचं लेबल, त्याचा रेडिओ कार्यक्रम, तो वाजवत असलेल्या इतर रात्री हे सगळं चौथ्या टप्प्याप्रमाणे तपासा.

"थांब" लिहिलेल्या नोंदीही आता उघडा. त्यांतलं काही आज निघालेलं असतं.

कानात शिट्टी वाजत असेल तर पुढचे दोन-तीन दिवस हेडफोन बाजूला ठेवा. ती शिट्टी तरीही राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर कानाच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.